बिडाचे नाना

नानांच्या शेडमध्ये ‘भंगार’ हा शब्द उच्चारायचा नाही, हे पौडपासून पिरंगुटपर्यंतच्या सगळ्या मेकॅनिकना ठाऊक होतं. नवख्यांना नसे. एकदा पुण्याचे एक गृहस्थ जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सचं फुटकं कवच घेऊन आले आणि म्हणाले, “भंगारातच टाकणार होतो, म्हटलं एकदा तुम्हाला दाखवावं.” नानांनी ते उचललं, पुन्हा त्यांच्या डिकीत नेऊन ठेवलं, वर गोणपाट नीट पांघरलं आणि आत येऊन स्वतःचं काम सुरू केलं. गृहस्थांना काय चुकलं ते कळेना. शेवटी काकींनी, म्हणजे नानांच्या बायकोने, त्यांना बाजूला घेऊन समजावलं. गृहस्थ शहाणे होते. दुसऱ्या दिवशी तेच कवच घेऊन आले आणि नुसतं “जरा बघता का?” म्हणाले. नानांनी बघितलं.

नाना मूळचे ताम्हिणीच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगर वस्तीवरचे. लहानपण शेळ्यांमागे गेलं, जवानी पिरंगुटच्या एका ओतकामाच्या कारखान्यात. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी पौडच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकली आणि फुटलेलं बीड सांधायचं काम धरलं. बीड म्हणजे ओतीव लोखंड. जुन्या गाड्यांची इंजिनं त्याचीच. साधं वेल्डिंग कोणीही करतो, बिडाला हात लावायला मात्र भले भले कचरतात. नाना म्हणत, “लोखंड वाकतं, म्हंजी तुटायच्या आधी सांगतं. बीड सांगत न्हाई.”

मी त्यांच्याकडे गेले ती रडवेली होऊन. माझे बाबा पौडला डॉक्टर होते. त्यांची गोल दिव्यांची जुनी काळी गाडी घेऊन ते घाटातल्या वस्त्यांवर जात. ते गेल्यावर वर्षभर गाडी झाकून ठेवली होती. मग एका उन्हाळ्यात मी ती बाहेर काढली आणि ताम्हिणीच्या चढावर इंजिन तापलं. घाबरून मी रेडिएटरमध्ये गार पाणी ओतलं. आतून ‘टक’ असा एवढासा आवाज आला. इंजिनाच्या ब्लॉकला वीतभर तडा गेला होता. त्या गाडीचे भाग आता कुठेच मिळत नाहीत. बाबांनी चाळीस वर्षं जपलेली गाडी मी एका बादलीत मोडली होती.

नाना मला रागावले नाहीत. तड्यावरून अंगठा फिरवत त्यांनी विचारलं की बाबा गाडी तापल्यावर काय करायचे. मी म्हटलं, सावलीत लावून वर्तमानपत्र वाचायचे. “मग त्ये शिकायचं राहिलं तुमचं,” ते म्हणाले आणि इंजिन उतरवायला लागले.

त्या कामाला सतरा दिवस लागले. मी तिथून जवळच चांदे गावात राहते, हिंजवडीत नोकरी करते. संध्याकाळी कंपनीच्या बसने घरी न जाता मी त्यांच्या शेडवर जायची. तडा पुढे पळू नये म्हणून त्यांनी आधी त्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली. मग कोळशाच्या शेगडीवर ब्लॉक सावकाश तापवला. बोटाच्या पेराएवढा जोड भरायचा, छोट्या हातोडीने ठोकायचा, थांबायचं, पुन्हा पेराएवढा. शेवटी सगळा ब्लॉक राखेत पुरून ठेवला. मी दुसऱ्याच दिवशी राख उकरून बघूया म्हणाले, तेव्हा त्यांनी खोऱ्याचा दांडा माझ्यासमोर आडवा धरला. “तापवायला दोन तास, निवायला दोन दिस. तुमी ऑफिसात जावा.”

राखेतून काढल्यावर ब्लॉक साखळीला टांगला आणि त्यांनी त्यावर हातोडी टेकवल्यासारखी मारली. सांधा नीट असला, आत दुसरा तडा नसला, की बीड घंटेसारखं वाजतं. चीर असली की बद्द आवाज येतो. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “काय म्हनतंय?” मला वाटलं, मला शिकवतायत. मी कान देऊन ऐकलं आणि सांगितलं, खणखणीत आहे. त्यांनी आणखी चार ठिकाणी ठोकलं आणि चारही वेळा मलाच विचारलं. मग ब्लॉकवर हात ठेवून म्हणाले, “झालं काम.”

गाडी सुरू झाली त्या संध्याकाळी काकींनी सगळ्यांना चहा दिला. पुढे काही ना काही निमित्त काढून मी तिथे जात राहिले. आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं. मागून हाक मारली तर नाना वळत नसत. फोन वाजत राहायचा. बोलताना ते माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघायचे. कारखान्यातल्या वीस-बावीस वर्षांच्या धडधडाटाने त्यांचे कान गेले होते. मला कळलं होतं आणि मी बोलले नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे माझी गाडी त्यांच्याशिवाय कोणी दुरुस्त करू शकलं नसतं, आणि ते थांबावेत असं मला वाटत नव्हतं.

पावसाळ्यानंतर ते गिअरबॉक्सवाले गृहस्थ पुन्हा आले. मध्यंतरी इंजिन धरून ठेवणारा बिडाचा ब्रॅकेट नानांनी त्यांना सांधून दिला होता. तो घाटात तुटला, इंजिन एका बाजूला कलंडलं, गाडी कठड्याला घासत थांबली. आत त्यांची नातवंडं होती. कोणाला खरचटलंही नाही. ते भांडले नाहीत. दोन तुकडे टेबलावर ठेवून निघून गेले. नानांचा जोड शाबूत होता. तुटलं होतं ते बोटभर शेजारी, दुसऱ्या एका जुन्या तड्यावर. वाजवल्यावर तो ऐकू यायला हवा होता.

मी पोचले तेव्हा नाना ते तुकडे मांडीवर घेऊन बसले होते. मी समोर बसले. “तुमच्या येळंला तुमी व्हता,” ते म्हणाले. “ह्याच्या येळंला मी यकलाच. वाजलं आसंल म्हनलं.” मी म्हटलं, नाना, मला माहीत होतं. त्यांनी माझ्या ओठांवरून ते वाचलं. मांडीवरचे तुकडे उचलून टेबलावर ठेवले. मग म्हणाले, “सांगायचं व्हतं, ताई.” एवढंच. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते मला अजून सोसत नाही.

मी त्यांना पुण्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. यंत्र मिळालं. आठ दिवस लावून त्यांनी ते डबीत ठेवलं. माणसांचं बोलणं येतं, म्हणाले, पण बिडाचं येत नाही. सगळंच पत्र्यासारखं वाजतं. दिवाळीच्या आत शेड रिकामी झाली. हातात असलेली तीन कामं त्यांनी ज्याची त्याला परत नेऊन दिली, प्रत्येकाला कारण स्वतः सांगितलं. मग नाना आणि काकी ताम्हिणीच्या वर भावाच्या वस्तीवर राहायला गेले.

डिसेंबरात एका रविवारी मी गाडी घेऊन गेले. वस्तीपर्यंत रस्ता नाही. खाली डांबरी रस्त्याला गाडी लावून चढावं लागतं. नाना अंगणात दोरी वळत बसले होते. मी खांद्याला हात लावला तेव्हा दचकले. मग माझ्याबरोबर खाली आले, बॉनेट उघडायला लावलं, चालू इंजिनावर तळवा टेकवून उभे राहिले. निघताना मी म्हटलं, येते नाना, रविवारी येत जाईन. त्यांनी मान हलवली.

ऑफिसची कामं होती, चांद्याच्या घराची कामं होती. रविवार येत-जात राहिले. आषाढात घाटात दरड कोसळून रस्ता बंद होता, त्या आठवड्यात नाना गेले. मला कळायला पाच दिवस लागले, पोचायला आणखी चार.

काकींनी मला घोंगडीवर बसवलं, पाणी दिलं. मी रडायला लागले तेव्हा त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग अगदी साधेपणाने, तक्रार नसल्यासारखं, त्या म्हणाल्या, “रविवारी भाकर खाऊन खाली सडकंला जाऊन बसायचे. म्हनायचे, गाडी आलेली मला वर ऐकू यायची न्हाई.”