पाळणाघराची फेरतपासणी

माझं काम नक्की काय, हे माझ्या आईला अजून धड सांगता येत नाही. आमच्या गावी, डाळजमध्ये, कुणी विचारलं की ती म्हणते, "पोरगी मोजणीला असती." मग लोक मला बांधाची भांडणं सांगायला येतात. खरं तर मी मूल्यमापन करते. एखाद्या संस्थेनं गावात काम केलं, तर त्याचा लोकांना खरंच उपयोग झाला का, हे लोकांनाच विचारून काढायचं. बारामतीत भाड्याची खोली, एक स्कूटी, आणि इंदापूर तालुक्यातली गावं पायाखालची. या कामात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी माझ्या तोंडानंच सांगते. दुसऱ्यानं सांगायची वाट बघत बसले तर म्हातारी होईन.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. पळसदेवच्या अलीकडं एका गावात आमच्या बौद्ध समाजाची वस्ती आहे. तिथं विहाराशेजारच्या खोलीत एका संस्थेचं पाळणाघर होतं. वस्तीतलीच एक काकू ते चालवायची. संस्थेच्या पुण्याच्या ऑफिसातून काही तरुण पोरंपोरी पाहणीला आली, घरोघर फिरली, आणि अहवाल गेला: मुलं घरीच नीट सांभाळली जातात, पाळणाघराची गरज दिसत नाही. झालं! खोलीला कुलूप. काकूनं मला फोन केला, "बाई, आमचं काय चुकलं ते तरी सांग." त्या संस्थेची कामं मीही करते, म्हणून पुण्याच्या ऑफिसात भांडून फेरतपासणी मागून घेतली.

वस्तीत पोचले तर पहिल्याच ओट्यावर एक मुलगी उभी, चौथी-पाचवीतली असेल. कडेवर तान्हा भाऊ.

"शाळा न्हाय का गं?"

"आई आन् आजी खुरपायला गेल्यात. ह्याला कुणी बघायचं?"

पाळणाघराला कुलूप लागल्यापासून तिची शाळा बंद होती. आणि म्हणे गरज दिसत नाही! माझं डोकं असं तापलं की पुण्याचं ऑफिस समोर असतं तर काही खरं नव्हतं.

संध्याकाळी तिची आई आणि आजी कामावरून आल्या. मी जय भीम घातला आणि ओट्यावर मांडी ठोकून बसले. आजीनं तांब्या पुढं केला, मी घटाघटा पाणी प्यायले. चहा आला, तोही घेतला, वर अजून अर्धा कप मागितला. आजी माझ्याकडं बघतच राहिली.

"तू पितीस व्हय?"

"का गं आजी? न प्यायला काय झालं?"

"ती पुन्याची पोरं न्हाय प्याली. चहा न्हाय, पानी बी न्हाय. आपापल्या बाटल्या काढल्या आन् त्यातलं प्याली."

तिथंच मला सगळा उलगडा झाला. त्या पोरांच्या मनात काही वाईट नव्हतं. ज्याला प्रश्न विचारायचे त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, हा संस्थेचा नियम. घेतलं की मिंधेपणा येतो, मग खरं लिहिता येत नाही. नियम शहाणाच आहे. पण आमच्या माणसांनी पाण्यापायी काय काय गिळलंय! आज वस्तीत स्लॅबची घरं आहेत, एका घरातला मुलगा फौजदार आहे, तरी पुढं केलेला तांब्या कुणी परत सारला की आत काहीतरी मिटतं. मग लोक चिडत नाहीत. गोड हसून म्हणतात, "सगळं बरं हाय." माझे वडीलही असल्या पाहुण्याला अगदी तसंच हसून वाटेला लावायचे. ते हसणं मी लहानपणापासून बघत आलेय, आणि अहवालाच्या पानापानावर तेच होतं.

प्रश्नाचीही गंमतच. सासू शेजारी बसलेली असताना सुनेला विचारलं होतं, "तुम्ही कामावर असताना मुलांकडे घरात नीट लक्ष दिलं जातं का?" आता कुठली सून नाही म्हणेल? परक्यासमोर सासूची अब्रू काढायची? मी प्रश्न फिरवला आणि आजीलाच विचारला, "पाळणाघर होतं तवा तुझा दिवस कसा जायचा?"

आजी फणकारली. "कसा म्हंजी? सुनंबरुबर मी बी कामाला जाती की! घरात बसून कोण खायाला घालतंय मला?"

सासूनंच सांगून टाकल्यावर सुनेची भीड मोडली. "पाळणाघर हुतं तवर मोठी शाळंत जायची, ताई. आता बारकं तिच्याच कडंवर." ते ऐकून शेजारणी जमल्या. घराघरात तेच चाललं होतं.

हे सगळं मी पुण्याच्या बैठकीत मांडलं. तिथले साहेब तसे भले, पण म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्याच समाजाच्या. तुम्हाला हवी ती उत्तरं मिळाली असणार."

टाळकंच सटकलं माझं. "म्हणजे पाणी नाकारून आणलेलं उत्तर तटस्थ, आणि पाणी पिऊन आणलेलं पक्षपाती? वा, साहेब!" पण चिडून कुलूप निघणार नव्हतं. मी जीभ आवरली. "मला बाजूला ठेवा. तीच पोरं परत पाठवा. मी त्या वस्तीत पाऊल टाकत नाही. त्यांनी दिलेलं पाणी प्यायचं, चहा घ्यायचा, आणि आधी सासूशी बोलायचं. एवढंच."

बोलून तर बसले, पण बारामतीला येईपर्यंत घोर लागला. पोरं पुन्हा 'सगळं बरं हाय' घेऊन आली तर त्या मुलीची शाळा गेली, आणि माझ्या शब्दाची किंमतही.

पुढच्या बैठकीत, वस्तीत पुन्हा जाऊन आलेल्या पुण्याच्या पोरांतल्या एकीनं उत्तरं वाचून दाखवली. मला मिळालेलं सगळं त्यात होतं, आणि वर बरंच काही होतं. मी विचारलंही नव्हतं असं त्या बायांनी तिला सांगितलं होतं. माझा जळफळाट व्हायला हवा होता. उलट छाती अशी फुगली! माझ्या जातीमुळं उत्तरं आली असती तर तिला कुठून मिळाली असती? पद्धतच खरी होती, आणि ती माझी होती. साहेबांनी वाचन मध्येच थांबवलं. म्हणाले, "उद्याच उघडा."

बाहेर येऊन काकूला फोन लावला. "काकू, उघडायचं! उद्यापासून!" तिनं फोन तसाच कुठंतरी टाकला आणि ओरडत सुटली. मी काही तो बंद केला नाही. पुण्याच्या भर रस्त्यात कानाला लावून उभी राहिले. पलीकडं भांडी वाजली, कुणीतरी खिदळलं, मग आजीचा खणखणीत आवाज आला.

"अगं ए! ठेव त्याला खाली. दप्तर भर आदी!"