सीलबंद ओरिजिनल

गल्लीत त्यांना खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नसे. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणं हे त्यांचं काम. पण ‘चष्मेवाले’ म्हटलं की दुकानाच्या मालकाला राग यायचा, म्हणून लोकांनी नाव ठेवलं ‘ओरिजिनल’. कुठलीही वस्तू समोर आली की त्यांचा पहिला प्रश्न तोच. पंखा असो, कुलूप असो, पेन असो, हातात घेऊन उलटसुलट बघायचं आणि विचारायचं, “ओरिजिनल आहे का?” शेजारी जुळी बाळं झाली तेव्हाही ते हेच विचारणार अशी गल्लीत पैज लागली होती. त्यांनी विचारलं नाही. पण दोन्ही बाळांकडे आळीपाळीने बघत ते बराच वेळ उभे होते, असं सांगतात.

या सगळ्याच्या मुळाशी होती त्यांची मोटारसायकल. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बनवलेली, जुन्या जमान्यातली. बसायला ऐसपैस सीट, वारा अडवायला पुढे काच, मागे दोन्ही अंगांना पत्र्याच्या पेट्या. ती बनवणारा कारखाना कधीच बंद पडला, आणि तेव्हापासून तिचं वजन ओरिजिनल यांच्या मनात दिवसेंदिवस वाढत गेलं. घराच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड होती. घराचं छप्पर गळलं तर बादली ठेवायची, पण शेड गळली तर सुट्टी टाकून कारागीर बोलवायचा, असा घरातला रिवाज.

त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. वहिनी देवाधर्माच्या. पहाटे उठून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात डोळे मिटून बसायच्या. त्याच वेळी मागे शेडमध्ये नवऱ्याचं मऊ फडकं चाकाच्या एकेका तारेवरून फिरत असायचं. वहिनींना कधी कधी वाटे, आपलं लक्ष तरी दूध उतू जाण्याकडे असतं. ह्यांचं ध्यान पाहिलं तर देव उजवा कौल ह्यांनाच देईल. एकदा तसं बोलूनही गेल्या, “एवढी सेवा देवाची केली असतीत तर देव स्वतः येऊन दार वाजवता झाला असता.”

“आणि मी विचारलं असतं,” ओरिजिनल खाली बघूनच म्हणाले.

“विचारूच नका. कळलं काय ते.”

प्रवासाची गाडी म्हटल्यावर प्रवास किती झाला, असं कुणालाही वाटेल. तर दर रविवारी गाडी चौकातल्या चहाच्या टपरीपर्यंत जाई. तिथे दाताचे डॉक्टर आणि बेकरीवाले हे दोघे जुन्या गाड्यांचे भक्त भेटत. तिघे मिळून डोंगर ओलांडत, वाळवंट तुडवत, समुद्राच्या काठाकाठाने दूरवर जात, आणि चहा संपला की आपापल्या घरी येत. डॉक्टरांची गाडी एका खास वॉशरसाठी खोळंबली होती. बेकरीवाल्यांची तर सुटी करून पिठाच्या रिकाम्या पोत्यांत भरून ठेवलेली. ते टपरीवर चालतच यायचे, पण हेल्मेट घालून.

वहिनींचं या जगात एकच लाडकं माणूस होतं, त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण आजारी असताना वहिनींनीच तिला लहानाची मोठी केली होती. तिचं पहिलं पाऊल वहिनींच्या स्वयंपाकघरात पडलं, पहिला हट्टही तिथेच. आता तिला परदेशात नोकरी लागली होती. निघायचा दिवस ठरला. संध्याकाळी भाड्याची गाडी येणार, ती विमानतळावर नेणार, मग पुन्हा कधी दिसेल ते देव जाणे. वहिनींनी एवढंच ठरवलं होतं की ती गाडीत बसण्याआधी तिला एकदा पोटाशी धरायचं.

बहिणीचं गाव घाटापलीकडे. सकाळच्या बसने निघालं की दुपारच्या जेवणाला पोचता येतं. त्या दिवशी सकाळी वहिनी बसचं बघायला निघाल्या, तेवढ्यात ओरिजिनल दारात येऊन उभे राहिले. हाताला ग्रीस, चेहऱ्यावर लग्नाआधीचा भाव.

“अगं, गाडीवर जाऊ या का? दोघं?”

वहिनी थबकल्या. हे वाक्य त्या नवी नवरी होत्या तेव्हापासून ऐकत होत्या, पण त्याच्या शेवटी आजवर प्रश्नचिन्ह कधी आलं नव्हतं. नेहमी “पुढच्या वर्षी” असायचं.

“पोचवेल ना वेळेवर?”

“प्रत्येक सुटा भाग आहे माझ्यापाशी. ओरिजिनल. मग अडणार कशाने?”

वहिनींना माया आली, आणि मायेला बुद्धी नसते हे त्यांना घाटात कळलं.

निघाले थाटात. गल्लीतले लोक बाहेर आले होते. डॉक्टर दवाखान्यातून पेशंटचं तोंड उघडं ठेवून आले होते. बेकरीवाल्यांनी टायरला हात लावून नमस्कार केला. एका पेटीत दोघांचे कपडे, दुसरी पेटी सुट्या भागांनी गच्च. तिची किल्ली ओरिजिनल यांच्या छातीच्या खिशात, वर बटण लावून.

रस्ता सरळ होता तोवर सगळं झकास. वहिनी मागे बसून नामस्मरण करत होत्या. वारा तोंडावर, शेतं पळतायत, आणि पुढे बसलेला माणूस चक्क गुणगुणतोय. वहिनींना वाटलं, एवढी वर्षं पुसली-धुतली ती काही अगदीच वाया नाही गेली.

घाटाच्या मध्यावर गाडीने एक आचका दिला. मग दुसरा. मागच्या नळीतून फाट्कन आवाज झाला आणि कडेला येऊन ती गप्प झाली.

ओरिजिनल घाबरले नाहीत. त्यांनी बाजूचं झाकण काढलं, किक मारायला वहिनींना उभं केलं आणि आत वाकून बघितलं. “पॉइंटवर निळी ठिणगी पडतेय. कंडेन्सर गेला.” कंडेन्सर म्हणजे बोटाच्या पेराएवढी नळकांडी, ती गेली की ठिणगी नको तिथे पडते आणि हवी तिथे पडत नाही. निदान अचूक होतं. त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

“मग आहे का तो तुमच्याकडे?”

“आहे ना.” त्यांनी पेटी उघडली. आत सगळी पाकिटं ओळीने, मऊ कापडात. त्यातलं एक त्यांनी दोन बोटांनी उचललं. तेलकट पिवळा कागद, वर कारखान्याचा छाप, तोंडाला लाल चिकटपट्टी. त्यांनी ते उन्हात धरलं, फिरवून पाहिलं, आणि परत कापडावर ठेवलं.

“काय झालं?”

“थोडी गार होऊ दे गाडी. गार झाली की चालते कधी कधी.”

गाडी गार झाली. चार वळणं चालली आणि पुन्हा थांबली. पॉलिश पेपरने पॉइंट, म्हणजे ठिणगीच्या त्या दोन टिकल्या, घासले. दोन वळणं चालली. ऊन डोक्यावरून उतरायला लागलं होतं. खालून एक ट्रक धापा टाकत आला आणि थांबला. ड्रायव्हर खिडकीतून वाकला.

“काय झालं काका?”

“कंडेन्सर.”

“वरच्या गावात मिळतो का बघू का?”

“नको नको. आहे माझ्याकडे.”

ड्रायव्हर थोडा वेळ वाट बघत राहिला. “मग बसवा की.”

“सीलबंद आहे तो,” ओरिजिनल शांतपणे म्हणाले.

ड्रायव्हरने त्यांच्याकडे बघितलं. मग वहिनींकडे बघितलं. एखाद्या घरी वाईट बातमी आहे हे उशिरा कळावं तसा चेहरा करून म्हणाला, “बरं, येतो मी,” आणि ट्रक गिअरमध्ये टाकला.

ट्रक दिसेनासा झाल्यावर वहिनी दगडावर बसल्या. आवाज चढवला नाही. चढवायच्या नाहीतच त्या.

“सीलबंद आहे म्हणजे काय?”

“अगं, कारखान्यातून निघाल्यापासून कुणी उघडलेलं नाही ते. आता असं पाकीट अख्ख्या जगात कुणाकडे नसेल. डॉक्टर तर म्हणतात, याला हात लावताना हातमोजे घाला.”

“मग ते घेतलं कशाला?”

“गाडी अडली तर असावं म्हणून.”

“गाडी अडलीय.”

यावर ओरिजिनल यांनी बराच विचार केला. “एवढीशी अडलीय,” ते म्हणाले. “खरी अडचण आली तर काय करायचं मग?”

वहिनी दरीकडे बघत राहिल्या. पलीकडच्या डोंगरापाशी सावली उतरत होती. तिथेच कुठेतरी एक पोरगी बॅगांना कुलपं लावत असेल, दर थोड्या वेळाने दाराशी येऊन रस्त्याकडे बघत असेल. मावशी आली नाही हे ती कधी बोलून दाखवणार नाही. परदेशात जाऊन एकटीच लक्षात ठेवील.

“मी देवाला पाहिलेलं नाही,” वहिनी म्हणाल्या. “तरी मानते. पण त्याच्याकडे अडचणीत काही मागितलं तर, मी सीलबंद आहे, असं तो अजून म्हणालेला नाही.”

“तसं नाही गं.”

“बघू तरी काय छापलंय त्याच्यावर.”

ओरिजिनल खुलले. बायकोने आजवर कधी असं विचारलं नव्हतं. त्यांनी हात पुसले, पाकीट तिच्या ओंजळीत ठेवलं आणि बोटाने दाखवायला लागले, “हा बघ छाप, हा नंबर, आणि ही पट्टी…”

वहिनींनी देवाचं नाव घेतलं आणि पट्टीला दात लावले.

ओरिजिनल बिचारे एवढंच म्हणू शकले, “वरून नको, बाजूने…” तोवर पाकिटाचे दोन तुकडे झाले होते, आणि तेलाने माखलेली नळकांडी वहिनींच्या तळहातावर होती.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “बसवा.”

ओरिजिनल यांनी ती घेतली. नजर कागदाच्या तुकड्यांवर होती, पण हात कामाला लागले. चष्म्याच्या बारीक स्क्रूंवर वाढलेली बोटं ती. वायर सोडवली, जुना काढला, नवा बसवला, पॉइंटमधली फट जमवली, झाकण लावलं. वहिनींना तोंडातली तेलाची चव थुंकून टाकेपर्यंतही उसंत मिळाली नाही. पहिल्या किकला गाडी सुरू झाली, आणि असा गोल, भरलेला आवाज निघाला की ओरिजिनल एक क्षण पाकीट विसरले. “ऐकलंस? हा खरा आवाज. इतकी वर्षं ऐकलाच नव्हता,” ते म्हणाले, आणि आपण काय बोलून बसलो हे ध्यानात येऊन काच पुसायला लागले.

उरलेला घाट त्यांनी असा चढला-उतरला की वहिनींचं नामस्मरण दुप्पट वेगाने झालं.

बहिणीच्या दारात भाड्याची गाडी उभी होती. बॅगा आत गेल्या होत्या, मागचं दार उघडं होतं आणि ड्रायव्हर घड्याळ दाखवत होता. पोरगी पायरीवर बसून होती. “मावशी आल्याशिवाय निघायचं नाही म्हणून बसलीय,” बहीण म्हणाली. “विमान काय हिच्या मावशीसाठी थांबणारे का, म्हटलं.”

पोरगी धावत आली. वहिनींनी तिला पोटाशी धरलं, हेल्मेटसकट. हेल्मेट काढायचं राहूनच गेलं होतं. मग पोरीने तोंड वर केलं.

“मावशी, ओठाला काय काळं लागलंय तुझ्या?”

“तुझ्या काकांना विचार.”

काका पुढे झाले. “अगं, ते कंडेन्सर. त्याचं असं झालं…” पण ड्रायव्हरने हॉर्न दिला. पोरीने काकांच्या गळ्यात हात टाकले, मावशीचा गाल पुसला, आणि रडत हसत गाडीत बसली. वळणापर्यंत तिचा हात खिडकीबाहेर होता. वहिनींचाही वर होता. तो खाली आणायला बहिणीला यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओरिजिनल अंगणात गाडीभोवती घुटमळत होते. वहिनी बाहेर आल्या तसे म्हणाले, “मी काय म्हणतो, परत जाताना तू बसने जा. आरामात. मी गाडी घेऊन येतो सावकाश.”

“का? काल तर म्हणत होतात, दोघं.”

“हो, पण घाट आहे. मध्येच काही झालं, तर तुला उगाच…” बोलता बोलता त्यांचा हात छातीच्या खिशावर गेला.

वहिनींनी हेल्मेट घातलं, पट्टा आवळला आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

“मी गाडीवरच येणार,” त्या म्हणाल्या. “आणि पेटीची किल्ली इकडे द्या.”

ओरिजिनल यांनी आधी पँटचे खिसे चाचपले. मग मागचे. मग आकाशाकडे बघितलं. शेवटी छातीच्या खिशाचं बटण काढलं.