जाळरेषेचा मुकादम

वनखात्याच्या जाळकामाचा मुकादम कानाने काम करतो. डोंगरउतारावरचं मूठभर गवत उपटायचं आणि कानाशी धरून चुरगाळायचं. आवाज आला नाही तर ते ओलं आहे, पेटणार नाही. कुरकुरलं तर काडी लावायची. कडकडलं तर काडीपेटी खिशात, कारण मग आग आवरत नाही. उन्हाळ्याआधी वस्तीभोवतीचा वीस पावलांचा पट्टा असा जाळून ठेवला की वणव्याला पुढे खायला काही उरत नाही. या पट्ट्याला जाळरेषा म्हणतात. मुकादम ती एकतीस वर्षं जाळत आला.

पूर्वी कुरकुरीचे दिवस महिनाभर मिळत. मग पंधरा झाले, मग आठ. हवामान कार्यालयातल्या बाईंनी त्याला कारण सांगितलं होतं: कोळसा-तेलाच्या धुराने हवा तापत चालली आहे आणि तापलेली हवा गवतातलं पाणी लवकर ओढून घेते. जाळायच्या सरकारी परवान्याची तारीख मात्र जुनीच राहिली. यंदा परवाना हातात पडला त्या सकाळी गवत मुठीत कडकडलं.

"तारीख आजची आहे," परवाना घेऊन आलेले वनखात्याचे साहेब म्हणाले.

"गवताला कुठे माहीत आहे, साहेब?"

त्याने पट्टा जाळण्याऐवजी कापायला घेतला. माणसं अकरा, विळे नऊ. वारा शाळेकडून येतो म्हणून सुरुवात तिथून केली. त्याच्या बहिणीचं घर दुसऱ्या टोकाला होतं. तो कामाला जाताना ती रोज दारातून ओरडायची, "दादा, जगाची हजामत झाली की इकडेही ये!"

"येतो गं. नंबर लाव."

नवव्या दिवशी भर दुपारी पलीकडच्या डोंगरावरून वणवा आला. माणसं वेळेत हलवली होती. कापलेल्या पट्ट्याशी आग थबकली. शाळा आणि चाळीस घरं वाचली. कापणी जिथे पोचली नव्हती तिथून आग आत शिरली. तीन घरं गेली, त्यात बहिणीचं.

ती आता भावाकडे राहते. दोन महिने ती त्याच्याशी भावजयीमार्फत बोलली, तेही एकाच खोलीत बसून. "वहिनी, तुमच्या नवऱ्याला सांगा, चहा निवतोय."

परवाना तारखेवर नको, गवत पाहून द्या, असा अर्ज मुकादमाने लिहिला. वस्तीच्या सह्या हव्या होत्या. कागद त्याने बहिणीपुढे ठेवला. तिने तो दोनदा वाचला.

"हे पाच वर्षांपूर्वी का नाही लिहिलंस?" तिने थेट त्यालाच विचारलं.

"तेव्हा आठ दिवस मिळायचे. भागत होतं."

तिने सही केली. खाली पत्ता मात्र जळालेल्या घराचाच लिहिला.