दस्त्यावरचा काळा डाग

आमच्या घरात बंदूक आहे म्हटलं की लोक मला पुन्हा एकदा खालून वर बघतात. हदगावच्या शाळेत जन्म काढलेली, चष्मा लावणारी, दोन्ही खांद्यांवर पदर घेणारी बाई, आणि हिच्याकडे बंदूक! तसं घाबरण्यासारखं त्यात काही नाही. एकनळी, बारा बोअरची, सासऱ्यांच्या वेळची. पिकाच्या राखणीसाठी परवाना काढलेला. सोयाबीनच्या शेंगा भरल्या की रानडुकरं यायची आणि आमचे मालक आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, मुक्कामाला जाऊन हवेत बार काढायचे. डुकरं पळायची आणि थोड्या वेळानं परत यायची. उभ्या आयुष्यात त्यांनी एक डुक्कर मारलं नाही. मी म्हणायचे, "तुमच्या बाराला आता डुकरंसुद्धा ओळखून राहिलीत." ते म्हणायचे, "वळखू दे की. नेहमीचे पाव्हणे हायेत."

मालक गेले तेव्हा ही बंदूक घरात नव्हती. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. दर वेळी ते तिला जुन्या धोतरात गुंडाळायचे, मोटारसायकलला बांधायचे आणि परत यायचे ते तोंड पाडून. मी हसायचे. "लेकीला सासरी घातली का काय?" त्या वर्षीही ते तसेच तोंड पाडून आले, आणि निवडणुकीचा निकाल लागायच्या आत स्वतःच गेले. छातीत कळ आली म्हणून नांदेडला नेलं होतं. तिथून त्यांना बोलतं परत आणता आलं नाही.

तेराव्याला जाऊबाईंनी कंबर कसली. "गेलेल्या माणसाचं घरात ठेवू न्हाई," म्हणाल्या. कपडे, चपला, छत्री, खाट, गादी, सगळं कुणाकुणाला देऊन झालं. उरलेलं धुऊन निघालं. मी कोपऱ्यात बसून होते. मला विचारावं अशी रीत नव्हती आणि मी बोलावं एवढा जीव माझ्यात नव्हता. जाऊबाईंचा हेतू वाईट नव्हता, कामाला तर वाघ. सगळे आपापल्या घरी गेल्यावर मी कपाट उघडलं, तर आत डांबराच्या गोळ्यांचा वास. उशीचा अभ्रासुद्धा धुऊन, घडी घालून ठेवलेला. नवऱ्याचा वास येईल अशी एक वस्तू मी घरभर शोधली आणि मला ती सापडली नाही.

बंदूक तेवढी वाचली, कारण ती ठाण्यात होती.

वारस म्हणून परवाना माझ्या नावावर करायला मी कचेरीचे किती खेटे घातले ते सांगत बसत नाही. मुलगा लातूरला शिकवणीच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. तो फोनवर म्हणाला, "आई, तुला कशाला ती? सरकारजमा करून टाक आणि इकडं राहायला ये." मी म्हटलं, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

बंदूक हातात आली तेव्हा मला रडू आलं. ठाण्याच्या खोलीत ओल धरून दस्त्याचं, म्हणजे खांद्याला लावायच्या लाकडाचं, पॉलिश फुगलं होतं, पापुद्रे सुटले होते, खाली पांढरी बुरशी. दुसऱ्या बंदुकांवर आदळून लाकडाला पोचे पडलेले. पण डाव्या अंगाला, नेम धरताना गाल टेकतो तिथं, एक काळा डाग होता. तिथलं पॉलिश फार पूर्वीच उडालं होतं आणि लाकूड गुळगुळीत, काळं झालं होतं. इतकी वर्षं मालकांनी तिथं गाल टेकला होता. मी त्यावरून बोट फिरवलं आणि ठरवलं की बुरशी इथवर पोचू द्यायची नाही.

सुताराकडे दिली असती तर त्यानं पहिला काचकागद त्या डागावरच मारला असता. म्हणून मीच बसले. मोबाईलवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ सापडला. त्याचं बोलणं अर्धं कळायचं, हात मात्र पूर्ण कळायचे. पेचकस घेऊन दस्ता सुटा केला, लोखंड पुसून कपाटात ठेवलं आणि दुपारची पडवीत लाकूड मांडीवर घेऊन घासू लागले. डाग सोडून बाकी सगळं घासायचं, असा बेत. भाजीवाल्याशी चार शब्द झाले की मग दिवसभर माझ्याशी बोलणारं कुणी नसे. काचकागदाचा आवाज तेवढा असायचा. खरं सांगते, तो बरा वाटायचा.

पॉलिश उतरल्यावर पोचे उठून दिसायला लागले. व्हिडिओतल्या माणसानं युक्ती दाखवली होती : पोच्यावर ओलं फडकं ठेवायचं आणि वरून गरम इस्त्री टेकवायची. वाफ आत शिरते, लाकूड फुगतं, पोचा भरून येतो. मला काही ते खरं वाटलं नव्हतं. केलं, तर खरंच भरून आला! कुणाला तरी हाक मारून दाखवावं म्हणून मी उठलेसुद्धा. दाराशी गेले आणि परत येऊन बसले.

शेवटचा पोचा डागाला अगदी लागून होता. फडकं ठेवलं, इस्त्रीचं टोक टेकवलं. चर्र झालं, वाफ वर आली, आणि वास आला. आधी माक्याच्या तेलाचा. ते मी घरीच कढवते, मीही केसांना लावते, त्याचं काही नाही. पण त्याच्या मागून घामाचा आला आणि त्याच्या मागून बिडीचा. मालक पुढ्यात येऊन उभे राहिले वगैरे मी म्हणणार नाही, मी तसली बाई नाही. पण वास त्यांचा होता, जिवंत माणसाचा, आखाड्यावरून सकाळी घरी आल्यावर अंगाला यायचा तो.

मी फडकं परत ओलं केलं आणि परत इस्त्री टेकवली, या वेळी सरळ डागावर. परत वास. परत टेकवली. फडक्यावर तपकिरी ठसा उमटत होता आणि लाकडावरचा डाग फिका होत होता. वास दर वेळी थोडा कमी येत होता. मला ते दिसत होतं, कळत होतं, तरी हात थांबला नाही. इतक्या दिवसांची भूक होती. शेवटी नुसत्या भिजल्या लाकडाचा वास यायला लागला, तेव्हा मी इस्त्रीची पिन काढली.

खूप रडले. आणि मला रडताना काम लागतं, तशी सवयच आहे. पडवी झाडली, लाकडाचा भुसा भरला, पसारा आवरला, चार कपडे होते ते धुऊन टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीवरचे कपडे काढताना हातात ते फडकं आलं. पांढरं स्वच्छ. तपकिरी ठसा मी ब्रश लावून घासून काढला होता. तिथंच उभी राहून मी ते नाकाला लावलं. साबणाचा आणि उन्हाचा वास आला. जाऊबाईंना नावं ठेवत होते, आणि त्यांच्या तावडीतून सुटलेलं तेवढं मी माझ्या हातानं धुतलं.

दस्ता मात्र देखणा झाला. जवसाचं तेल तळव्यानं जिरवत गेले तसतशा शिसवी लाकडाच्या रेषा वर आल्या. मुलाला फोटो पाठवला. त्याचा अंगठा आला.

पुढं परत निवडणूक लागली. बंदूक साडीत गुंडाळून रिक्षानं ठाण्यात नेली. तिथला जमादार माझाच विद्यार्थी. गुंडाळी सोडून तो बघतच राहिला.

"बाई, ही काकांचीच बंदूक का? नवीच दिसून राहिली की!"

"हाव," मी म्हटलं.

"काकांचं आता काईच दिसंना झालं बगा हिच्यावर. लई झकास काम केलं तुम्ही."

कौतुकच होतं ते. मी मान हलवली आणि रिक्षात बसले. घरी येईपर्यंत माझंही तोंड पडलेलं होतं, आणि त्यावर हसायला घरात कुणी नव्हतं.

मतमोजणी झाल्यावर बंदूक परत मिळाली. त्या दिवसापासून संध्याकाळी दिवा लावून झाला की मी ती रिकामी बंदूक मांडीवर घेते आणि ते गाल टेकवायचे तिथं माझा गाल टेकवते. थोडा वेळ बसते. हे मुलाला सांगितलेलं नाही, तो लगेच गाडी घेऊन येईल. परवा चष्मा लावून बघितलं, तर तिथलं लाकूड जरा काळवंडायला लागलंय. नाक लावून बघितलं. माक्याच्या तेलाचा वास येतो. नुसता तेवढाच, माझा.