एकाच बॅटरीची गाडी

मुलाने काल गाडीत वूफरसाठी वेगळी बॅटरी बसवून घेतली. म्हणाला, "आता इंजिन बंद ठेवून कितीही गाणी लाव आई, गाडी अडणार नाही."

मला दिवाळे कोळीवाड्यातली माझ्या लग्नाची संध्याकाळ आठवली. नवरदेवाच्या गाडीची डिकी उघडून, इंजिन बंद ठेवून पोरं दिवसभर गाण्यांवर नाचली होती. पाठवणीला गाडी चालूच होईना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उतरायला लागले, तर बाबा म्हणाले, "बस गो बाय, मी ढकलतो."

सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासातून गाडी हळूहळू सरकली. मागच्या काचेवर बाबांचे दोन्ही तळवे टेकलेले होते. इंजिन सुरू झालं, तरी ते तळवे निघेनात.

बरं झालं, तेव्हा एकच बॅटरी होती.