जुनं मशीन, परदेशी रबर

शालन कांबळे खडकीची. वडील दारूगोळा कारखान्यात, आणि घरातली संख्याशास्त्राची पहिली पदवी तिची. सत्त्याण्णव साली ती मोटारींचे रबरी सील बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात लागली. परदेशी गाड्यांच्या कंपन्या नुकत्याच आल्या होत्या आणि शंभरात पाच सील खराब निघाले की माल परत यायचा.

जुन्या मशीनवर बावीस वर्षं संभाजी होता. दोन्ही मशीनवर कधी देशी रबर यायचं, कधी परदेशी. त्याचे शंभरात अकरा सील फुटके निघाले, नव्या मशीनवरचे साडेतीन. शालनने दोन्ही सरासऱ्या मांडून खाली लिहिलं, कामगाराचा हलगर्जीपणा.

संभाजी तिच्या टेबलाशी आला. "बाई, जरा परत बघा. देशी रबर असलं की माझा माल बिघडत नाही."

"आकडे तुमच्याच मालाचे आहेत, काका."

आठवड्याभरात त्याला काढलं.

पण दुसऱ्या माणसाच्या हाताखालीही माल तसाच फुटू लागला, तेव्हा शालनने आपला जुना अहवाल परत काढला. आता तिने दोन्ही रबरं दोन्ही मशीनवर चालवली, कामगार आलटूनपालटून, प्रत्येक जोडीच्या पाच खेपा. मग दोन घटकांचा अनोव्हा मांडून फरकातला मशीनचा वाटा किती, रबराचा किती, दोन्हींच्या जोडीचा किती आणि योगायोगाचा किती, ते वेगळं काढलं. देशी रबराचे दोन्हीकडे शंभरात तीनच सील बिघडत होते. परदेशी रबराचे नव्या मशीनवर चार, जुन्यावर एकोणीस. एकट्या मशीनचा दोष नव्हता, एकट्या रबराचाही नव्हता. दोन्ही एकत्र आली की माल फुटत होता.

"छान. जुन्यावर देशीच चालवा," मॅनेजर म्हणाले.

"आणि संभाजीकाका? त्यांना पत्र पाठवायला हवं."

"पत्ता स्वर्गातला लागेल. गेले ते मागच्या महिन्यात."

रविवारी ती अहवाल घेऊन बिबवेवाडीला गेली. संभाजीची बायको मैना दारातच भेटली. काकांचा दोष नव्हता हे या कागदात आहे, असं शालनने तिला सांगितलं. "मला वाचता येत नाही. तुम्हीच वाचा. मोठ्यानं वाचा, चाळीला ऐकू जाऊ दे."

शालनने वाचलं. कामगाराचा दोष नव्हता, हे वाक्य तिने दोनदा वाचलं.

मैनाने डोळे पुसले. "नोकरी गेल्यावर रोज म्हणायचे, माझा हात कधी चुकला नाही गं. मग चुकला असं लिहिलं होतं कोणी?"

"मी."

मैनाने तिच्या हातातला कागद घेतला, नीट घडी घातली आणि दार लोटलं. आतून कडी लागली.

शालन बसथांब्यावर आली. खडकीची बस आली नि गेली, दुसरीही गेली. तिला चढायचं सुचलंच नाही.