आवाजाचा ड्रायव्हर

ऑफिसच्या लॅपटॉपला आवाज कशाला लागतो, असं कुणी विचारलं की आजही माझं डोकं फिरतं. विचारणारा बिचारा साधंच विचारत असतो, पण मला ते ऐकवत नाही.

पनवेलजवळ कंटेनरची ने-आण करणाऱ्या एका कंपनीत मी कॉम्प्युटरचं बघतो. लॅपटॉप नेटवर्कला जोडला की सर्व्हरवरून विंडोज आपोआप उतरतं, ती सगळी मांडणी माझी. पण नुसतं विंडोज उतरून डोंबलाचा उपयोग नसतो. स्पीकर असो, कॅमेरा असो, वायफाय असो, प्रत्येकाला चालवायला एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. प्रत्येक मॉडेलचे ड्रायव्हर निराळे, म्हणून सर्व्हरवर मी मॉडेलवार फोल्डर लावून ठेवले होते. फोल्डरमध्ये असेल ते लॅपटॉपमध्ये जातं, नसेल ते जात नाही, इतकं सरळ. सगळं नीट चाललं की लोक म्हणतात, हा दिवसभर करतो काय? आणि वायफाय गेलं की म्हणतात, हा दिवसभर करतो काय?

बिलिंगला आमच्याकडे एक ताई होत्या. गव्हाणच्या, माझ्याहून वयाने मोठ्या, तरी मला दादाच म्हणायच्या. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी आजार झाला आणि नजर हळूहळू गेलीच. मी त्यांच्या लॅपटॉपवर स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम टाकून दिला, मराठी आवाजाचा, आणि नवं विंडोज टाकलं तरी त्याच्याबरोबर तो आपोआप उतरेल असं सर्व्हरवर करून ठेवलं. कानाला हेडफोन लावून त्या बिलं काढायच्या, आणि डोळे असलेल्यांपेक्षा झपाझप काढायच्या. तरी साहेबांचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. मुंबईहून एचआरच्या मॅडम येणार, ताईंचं काम स्वतः बघणार आणि मग ठेवायचं की नाही ते ठरणार, असं त्यांनी सांगून टाकलेलं.

एकदा डबा खाताना मी म्हटलं, "ताई, मुलगा कमावता झालाय. कशाला एवढी दगदग करता?"

फाडकन उत्तर आलं. "दादा, घरी बसले तं मी आंधली. हितं बसले तं मी बिलिंगवाली हाय."

मी डब्यातली भाजी संपवली.

पुढे तो हळदीचा प्रकार झाला. ताईंच्या भाचीची हळद होती आदल्या दिवशी, आणि जेवणाच्या सुट्टीत आमच्यातल्या एकीने तिचा व्हिडिओ लॅपटॉपवर लावला. सगळ्या भोवती जमल्या. नवरी कशी दिसते, कोण कसं नाचतंय, याची कुजबुज चाललेली. ताई म्हणाल्या, "अगं आवाज तरी वाढव, मना काय दिसतंय?" तिने वाढवला. आमच्या भागात हळदीला बेंजोचा बँड असतो, आणि बेंजो काही हळू वाजत नाही. आत केबिनमध्ये साहेब विमानतळाच्या कामासाठी आलेल्या पाहुण्यांसमोर बसलेले. दार उघडून बाहेर आले तेव्हा चेहरा लालबुंद झालेला.

"कुणी लावलंय हे?"

सगळ्यांच्या माना खाली. ताई म्हणाल्या, "मी लावायला सांगितलं, सर."

त्याच दिवशी मला हुकूम आला. सगळ्या लॅपटॉपमधून साउंडचा ड्रायव्हर काढ. विंडोज स्वतःहून शोधून आणतं, तेही बंद कर. यूएसबी तर आधीच बंद होतं, म्हणजे तिकडून दुसरा हेडफोन लावायची सोयही नाही. मी म्हटलं, सर, ताई कानाने काम करतात, त्यांचा आवाज गेला तर त्यांचं कामच गेलं. साहेब मोबाइलमध्ये बघत म्हणाले, "तुझ्या त्या बाईंचं तू बघ काय ते." मी ते बघितलं. सगळ्या फोल्डरमधून साउंड काढला, आणि फक्त ताईंच्या लॅपटॉपसाठी एक वेगळा फोल्डर केला, साउंडसकट. तो लॅपटॉप सर्व्हरला जोडला की तेवढ्याला आवाज मिळेल, अशी सोय केली. साहेबांना तसं लेखी कळवलं, त्याला उत्तर आलं नाही. ताईंचं काम पुन्हा सुरू झालं आणि माझ्याही जिवात जीव आला.

आता आमच्या साहेबांची एक खोड आहे. पाहुणे यायच्या आधी बायका घर सारवून घेतात, तसं मुंबईहून कुणी येणार म्हटलं की हे सगळे लॅपटॉप पुसून नव्याने विंडोज टाकायला लावतात. याला ते फ्रेश मारणं म्हणतात. चालत्या मशीनला हात लावू नये हे मी किती वेळा सांगितलं असेल, पण ऐकतो कोण! एचआरच्या मॅडम येणार त्याच्या आदल्या दिवशी मला उरण रोडच्या यार्डात प्रिंटर बघायला पिटाळलं आणि बाहेरच्या एका इंजिनिअरला बोलावून फ्रेश मारायला बसवलं. साहेब स्वतः त्याच्या मागे उभे. सर्व्हरवर तो एकुलता वेगळा फोल्डर त्यांना दिसला. एकाच लॅपटॉपचं असं वेगळं का? काढून टाक, सगळ्यांना सारखा नियम. त्याने काढला. हे मला त्याच इंजिनिअरने नंतर सांगितलं, अगदी सहज, चहा पिता पिता.

दुसऱ्या दिवशीही अर्धा दिवस मी यार्डातच. परत आलो तर केबिनच्या काचेतून ताई दिसल्या. फ्रेश मारलेला लॅपटॉप बिलिंग उघडून थेट तिथेच त्यांच्या पुढ्यात ठेवलेला. हेडफोन लावून ताठ बसलेल्या, बोटं कीबोर्डवर ठेवलेली, पण हलत नव्हती. शेजारी मॅडम घड्याळ बघत होत्या. मी दार ढकलून आत गेलो.

ताई म्हणत होत्या, "सर, याला आवाज नाय."

"आवाज कुणालाच नाही इथे," साहेब म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मॅडम, यातला साउंडचा ड्रायव्हर काढलाय. मला थोडा वेळ द्या, आत्ता टाकतो."

मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना काहीतरी विकायला आलोय. "बिलिंगला आवाज कशाला लागतो?"

"त्या ऐकून..." मी सांगायला लागलो, तोच साहेबांनी मला हातानेच बाहेर जायची खूण केली. ताईंनी एकही बटण दाबलं नाही. कंटेनर कुणाचा आणि बिल कुणाच्या नावावर, हे कानाने पक्कं ऐकल्याशिवाय त्या बोट उचलायच्या नाहीत. त्यांच्या कामाची तीच तर रीत होती. मॅडमना वाटलं, यांना सुरुवातच करता येत नाही. संध्याकाळी ताईंना सांगितलं, आता घरी आराम करा. करंजाड्याच्या कामावरून मुलगा न्यायला आला. जाताना ताईंनी हेडफोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "दादा, तू केलंस ते मना ठावं हाय." मला तर ओरडून रडावंसं वाटत होतं.

लॅपटॉप कपाटात गेला. पुढे मुंबईच्या मीटिंगा व्हिडिओवर सुरू झाल्या आणि पहिल्याच मीटिंगला साहेब केबिनमधून ओरडत आले, "अरे, मला कुणाचंच ऐकू येत नाहीये! आवाज टाक लगेच, सगळ्यांचा!" टाकला. चहा गार व्हायच्या आत झालं सगळ्यांचं. शेवटी ताईंचा लॅपटॉप कपाटातून काढला, बिलिंगला नवा माणूस यायचा होता त्याच्यासाठी. त्या दिवसानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. साउंडचा ड्रायव्हर टाकला, चालतोय का बघायला ताईंचाच हेडफोन लावला आणि बिलिंग उघडलं.

ताईंचा तो वाचून दाखवणारा प्रोग्राम अजून त्यात होता. त्या दिवशीही तो चालूच होता, मुक्याने वाचत होता. आता तो माझ्या कानात स्पष्ट बोलला. नव्याने टाकलेलं बिलिंग पहिल्यांदा उघडलं की जी चौकट समोर येऊन थांबते, तीच तो वाचत होता.

"आर्थिक वर्ष बरोबर आहे का? असल्यास एन्टर दाबा."